बदली आल्याशिवाय

म्हातारं माणूस विसरू लागलं, की त्याला नाव ठेवायला आपल्याकडे शब्द तयार असतात. मराठीत ‘म्हातारचळ’, घरच्या बोलीत ‘सठिया गई’. मोहल्ल्यातल्या बायका त्यात ‘नजर’ आणि ‘असर’ यांची भर घालतात. माझ्या सासूबाईंना, आमच्या अम्माँना, हे चारही शब्द लावून झाले. पाचवा डॉक्टरांनी सांगितला : स्मृतिभ्रंश.

अम्माँनी सोलापुरात चाळीस वर्षं विड्या वळल्या. हिशेबाला पक्की असलेली ही बाई तेच ते दहादा विचारू लागली, आपल्याच गल्लीत वाट चुकू लागली. दवाखान्यात आधी थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी झाली, कारण त्यातल्या बिघाडानंही विस्मरण होतं आणि ते औषधानं सुधारू शकतं. अम्माँचा आजार तो नव्हता. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी जो प्रथम जगापुढे मांडला, तो होता. तो बरा करणारं औषध आजही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून अधिक माणसांना स्मृतिभ्रंश आहे; एकूण सुमारे ८८ लाख. म्हणजे हे एका घराचं दुखणं नव्हे.

औषध नाही म्हटल्यावर प्रश्न उरला, सांभाळणार कोण? नात्यातल्यांकडे उत्तर तयार होतं : सुनेनं शाळा सोडावी. सासू-सासऱ्यांची सेवा म्हणजे सवाब, असंही ऐकवलं गेलं. सवाब खराच, पण तो एकट्या सुनेच्याच वाट्याला का, हे कुणी विचारत नव्हतं.

ते विचारलं माझ्या सासऱ्यांनी. अब्बा सूतगिरणीतले निवृत्त कामगार, शिक्षण चौथीपर्यंत. इशाच्या नमाजनंतर त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, “गिरनी में बदली आए बगैर मशीन छोडते नहीं थे. और एकीच आदमी से तीनों पाळी बी नहीं कराते थे.” त्याच रात्री पाळ्या ठरल्या. सकाळ अब्बांची, माझ्या शाळेची दुपार नणंदेची, संध्याकाळ धाकट्या दिराची, रात्र माझी आणि माझ्या नवऱ्याची. आईला न्हाऊ-माखू घालायचं काम नणंदेचं आणि माझं. पण जेवण भरवणं, केस विंचरणं, ओली चादर बदलणं मुलांनीही शिकावं, हा अब्बांचा आग्रह. दीर आधी लाजला, मग शिकला. घराचं नेतृत्व म्हणजे हुकूम सोडणं नव्हे, स्वतः पहिली पाळी घेणं, हे मी त्यांच्याकडून पाहिलं.

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र शिकवलं होतं : ज्ञाताकडून अज्ञाताकडे. अम्माँच्या बाबतीत ते उलटं लागू पडतं. नवं काही शिकवायचं नाही. जे हातात अजून शिल्लक आहे, तिथवर जायचं. दिवेलागणीला अम्माँ बेचैन होत. “कारखाने को जाना है, माल देना है,” म्हणत दाराशी जात. कारखाना कधीच सुटला, असं सांगितलं की रडत. दिरानं जुनं सूप काढलं, त्यात पानांच्या मापाचे कागद आणि दोरा ठेवला. अम्माँ बसल्या आणि बोटं आपोआप चालू लागली. नाव विसरलं तरी हात विसरत नाहीत; सवयीची कामं मेंदूत बराच काळ टिकून राहतात. आता दीर विचारतो, “अम्माँ, आज कितनी हुई?” अम्माँ पंचवीसपर्यंत मोजतात, मधले आकडे गळतात. कुणी दुरुस्त करत नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून न्हाणीघराच्या दारावर पाटीऐवजी लोट्याचं मोठं चित्र लावलं. नमाजमध्ये रकात चुकतात. शुद्ध हरपलेल्यावर नमाजची सक्ती नाही, हे अब्बा जाणतात. तरी ते शेजारी बसून मोठ्यानं पढतात, कारण त्या आवाजानं अम्माँ शांत होतात.

सर्वांत त्रास होतो तो पाहुण्यांचा. आल्या आल्या विचारतात, “ओळखलंत का मला? सांगा बरं मी कोण?” प्रेमानंच विचारतात. पण अम्माँचा चेहरा उतरतो, पदर हातात चुरगळतो. नापास होणाऱ्या मुलाचा चेहरा मी रोज पाहते, तो हाच. ज्या विद्यार्थ्याची पाटी रोज पुसली जाते, त्याची परीक्षा कोणता शिक्षक घेईल?

जपाननं २००४ साली या आजाराचं जुनं, ‘मूर्खपणा’ सुचवणारं नाव सरकारी पातळीवर बदललं. २००५पासून तिथं दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शाळकरी मुलं यांना अशा माणसांशी कसं वागावं, याचं छोटं प्रशिक्षण देण्यात येऊ लागलं. आपल्याकडे १९९२ साली केरळात डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकारानं रुग्णांच्या कुटुंबांसाठी संघटना उभी राहिली. पण मोहल्ल्यापर्यंत हे कोण आणणार? मशिदीच्या कमिटीनं, महिला मंडळानं, शाळेनं मनावर घेतलं तर अवघड नाही. जुम्म्याच्या बयानानंतर दहा मिनिटंही पुरतील.

मी माझ्या सातवीच्या वर्गापासून सुरुवात केली. मुलांना चारच गोष्टी सांगितल्या : वाट चुकलेली आजी दिसली तर घोळका करू नका, मागून हाक मारू नका, समोर येऊन सलाम करा आणि ‘ओळखलं का’ विचारण्याआधी स्वतःचं नाव सांगा. परवा नळावर आमच्या अम्माँना एका मुलीनं तसाच सलाम केला, नाव सांगितलं आणि हात धरून घरी आणलं. अम्माँनी तिला ओळखलं नाही. दुवा मात्र भरभरून दिली.