चौकातले पाणी

जुन्या नाशकात गोदाकाठी जे वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या चौकात एखाद्या श्रावणसरीच्या वेळी उभे राहावे. चौक आकाशाला उघडा असतो आणि चारी पाख्यांचे पाणी त्यातच उतरते. फरशीला डोळ्यांना न दिसणारा उतार, खालच्या कोपऱ्यात दगडी मोरी आणि भोवती हातभर उंच ओसरी, एवढ्यावर सारा संसार कोरडा राहतो. मोरीच्या तोंडाशी पिंपळाची दोन पाने अडकली, की तासाभरात पाणी ओसरीच्या कडेला लागते आणि घरातले कोणीतरी धोतर किंवा पदर खोचून, वाकून हात घालते.

शिडाच्या लहान नावेतही असा एक चौक असतो. नावेच्या मागच्या भागातला हा खोलगट हौद म्हणजे कॉकपिट. सुकाणू धरणारा येथेच बसतो, शिडांच्या दोऱ्या येथेच हाताशी येतात. पाऊस आणि लाट दोन्ही त्यात उतरतात. त्याच्या पुढच्या भिंतीत केबिनमध्ये उतरण्याचे दार असते. ती त्या घराची ओसरी. फरक इतकाच, की वाड्याची मोरी तुंबली तर धान्याची पोती भिजतात आणि नावेची तुंबली तर नाव जाते.

जैन घरांतून वाढलेल्या प्रत्येकाने नावेचा एक दृष्टांत ऐकलेला असतो. छिद्रातून पाणी आत येणे हा आस्रव, छिद्र बुजवणे हा संवर आणि साचलेले उपसणे ही निर्जरा. नाव बांधणारा कारागीर हा दृष्टांत ऐकून एक शंका काढील. कॉकपिटमधले पाणी ज्या वाटेने बाहेर सोडायचे, ती वाट म्हणजे नावेच्या अंगाला मुद्दाम पाडलेले छिद्रच आहे; ते बुजवावे कसे? जुन्या नावेच्या निचऱ्याची सारी अडचण या शंकेत आहे. वाट रुंद करावी तर धोका रुंदावतो, अरुंद ठेवावी तर चौक भरलेला राहतो.

हौद दीड मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर खोल धरला, तर एका लाटेने त्यात ३६० लिटर पाणी बसते. समुद्राच्या पाण्याचे हे वजन ३७० किलोच्या आसपास, म्हणजे नावेच्या मागच्या टोकावर अकस्मात पाच-सहा माणसे येऊन बसावीत तसे. मागचे टोक दबते आणि पुढची लाट अधिक सहज आत येते. म्हणून नावाड्याला पाणी जाते की नाही यापेक्षा किती वेळात जाते याची चिंता अधिक असते. २५ मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्या असतील तर ढोबळ हिशेबाने हे पाणी ओसरायला चार मिनिटे लागतात. ३८ मिलिमीटरच्या नळ्या घातल्या तर दोनाच्या आत. व्यास दीडपट झाला की वाट सव्वादोन पटींहून मोठी होते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागाइतदाराला हे सांगावे लागत नाही. पाइपाचा व्यास, एल्बोंची संख्या आणि तोंडाची जाळी पाण्याचे काय करते, हे तो ठिबकच्या निमित्ताने रोज पाहत असतो.

खुल्या समुद्रातील शर्यतींसाठी ‘वर्ल्ड सेलिंग’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नियम आहेत. साडेआठ मीटरपेक्षा लहान नौकेला २५ मिलिमीटरच्या किमान दोन वाटा किंवा तेवढेच क्षेत्र हवे, आणि तेही जाळीने अडवलेली जागा वजा करून. जुन्या नावांत खरी मेख बहुधा या जाळीतच असते. सुबक भोकांची पितळी चकती अर्धी वाट खाऊन टाकते. उरलेल्या अर्ध्या वाटेसाठी एक पान किंवा चिक्कीचा कागद पुरतो. ती काढून तिच्या जागी दोन आडव्या दांड्या बसवणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा. कचरा आत न येऊ देण्याचे काम झाडूचे आहे, ते नळीवर का टाकावे?

पितळाचा विषय निघाला आहे, तर तेथे थोडे थांबायला हवे. पितळ, तांबे आणि कांसे यांतला भेद नाशिकच्या भांडीबाजारात पोरालाही कळतो. तोच भेद नावेत जिवावर बेततो. खाऱ्या पाण्यात पितळातले जस्त हळूहळू निघून जाते. धातू गुलाबीसर दिसू लागतो, आकार तसाच राहतो आणि आतून भुगा होतो. निचऱ्याची नळी नावेच्या अंगातून जेथे बाहेर पडते, तेथे एक झडप असते, तिला सी-कॉक म्हणतात. ती साध्या पितळाची असेल तर एखाद्या दिवशी बंद करताना दांडी हातात येते आणि समुद्र आत. तेथे चांगल्या प्रतीचे कांसेच हवे. नळीच्या प्रत्येक टोकाला स्टेनलेस स्टीलच्या दोन-दोन क्लिपा हव्यात. शर्यतीच्या वादळापेक्षा नांगरावर निवांत उभी असलेली नाव या ठिकाणी अधिक फसते. वीस वर्षांची नळी तडकलेली असते, बघायला कोणी नसते आणि पाऊस चालू असतो. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १०० लिटर पाणी. त्या भाराने नाव दोन बोटे खाली जाते आणि एरवी पाण्याबाहेर असणारा तडा पाण्याखाली जातो.

नळ्यांची मांडणीही उलटी असावी लागते. शीड वाऱ्याने भरले की नाव एका कुशीवर कलते. डाव्या कोपऱ्यातली नळी डावीकडेच बाहेर काढली असेल, तर नाव डावीकडे कलल्यावर तिचे तोंड खोल बुडते आणि समुद्र तिच्यातून वर चढतो. म्हणून डाव्या कोपऱ्याची नळी उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे, अशी कैची करतात. पाहताना वेडेपणा वाटतो, परंतु पाणी उतार ओळखते, आपली डावी-उजवी बाजू ओळखत नाही.

लहान आणि साध्या नावेची योग्यता मराठी मुलखाला नवी नाही. १९६८च्या १४ जूनला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या ‘सुहैली’तून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला, एकट्याने कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले मानव ठरले, ती ३२ फुटी सागवानी नाव मुंबईत बांधलेली होती. नऊ जण निघाले होते, परतला हा एकच. दक्षिण महासागरात लाटेने नाव आडवी पाडली तेव्हा केबिनचे सांधे हलले आणि पाणी झिरपू लागले, तरी ती पोहोचली. याच नावेच्या घाटाची ‘तुरीया’ पुढे गोव्यात बांधली गेली आणि २०१८ साली अभिलाष टॉमी ती घेऊन निघाले. हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर इजा झाली, तरी नाव तरंगत राहिली. या घाटाचे मागचे टोकही निमुळते असते. ज्या नावांची पाठ सपाट फळीची असते, तेथे फळीतून सरळ वाट काढून नळी आणि झडप दोन्ही टाळता येतात. येथे ती सोय नाही. घाट निवडला की त्याची मोरीही पत्करावी लागते.

१९७९च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. वादळात १५ स्पर्धक गेले, २४ नौका सोडून द्याव्या लागल्या, पण त्यांपैकी बुडाल्या पाचच. नंतरच्या चौकशीत केबिनच्या दाराच्या फळ्या निसटून आत पाणी शिरल्याची नोंद झाली. चौक भरतो तेव्हा ओसरी किती उंच आणि तिची फळी किती पक्की, हा प्रश्न नळीच्या व्यासाइतकाच मोठा असतो. कॉकपिटची खोली फळकुटांनी किंवा सीलबंद पेटीने थोडी भरून काढली, तर मुळात पाणीच कमी मावते. हा उपाय फारसे कोणी सुचवत नाही, कारण त्याने पाय ठेवायची जागा जाते.

सुधारणा झाली की परीक्षा घ्यावी, आणि ती शक्य तर गंगापूर धरणासारख्या संथ, गोड्या पाण्यावर. पंधरा लिटरच्या चोवीस बादल्या ओतून घड्याळ लावावे. नंतर दाराशी फळी लावून चार माणसांना कॉकपिटमध्ये बसवावे आणि पुन्हा पाहावे. पहिल्या वेळी फरशी झरझर कोरडी झालेली असते. दुसऱ्या वेळी माणसांच्या भाराने मागचे टोक दबते आणि कधी कधी त्याच नळ्यांतून पाणी हळूच वर येऊन बसलेल्यांची पावले भिजवते. तसे झाले तर फरशी दोन-तीन इंच उचलून नव्याने बसवावी लागते, आणि ते सुताराचे आठवड्याभराचे काम असते.