आयचा वर्ग

अकरावीत सर ‘आयचा स्क्वेअर’ म्हणाले की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकायची. मी मात्र एकदा सीरियसली हात वर केला. ‘सर, कुठल्याच संख्येचा वर्ग मायनस येत नाही, असं दहावीपर्यंत शिकलो. मग आता मायनस वनचं वर्गमूळ आलं कुठून?’

‘इमॅजिनरी आहे ना? मग इमॅजिन कर. जमत नसेल तर आर्ट्सला जा.’

अख्खा वर्ग हसला. बारावीला मॅथ्समध्ये जेमतेम सुटले आणि खरंच गेले! पुढे मास कॉम वगैरे. बाबा इलेक्ट्रिकल इंजिनीअर. त्यांनी मार्कशीट बघितली, घडी घातली आणि विषय संपवला. दहा-अकरा वर्षं संपलेलाच होता.

गेल्या महिन्यात आतेभाऊ राहायला आला. अकरावी सायन्स. जेवताना म्हणाला, ‘ताई, काल्पनिक संख्या म्हणजे खोटीच ना? मग शिकायची कशाला?’

या नंबरवर जुना राग असल्यामुळे त्याची कुंडली मी काढून ठेवली आहे. म्हटलं, तू एकटा नाहीस. आपले भास्कराचार्य, ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, त्यांनीही बाराव्या शतकात साफ सांगितलं होतं की ऋण संख्या हा कशाचाच वर्ग नाही, म्हणून तिला वर्गमूळ नाही. इटलीतल्या कार्डानोने १५४५ मध्ये कोडं घातलं, १० चे असे दोन भाग करा की गुणाकार ४० येईल. उत्तर: ५ + √−१५ आणि ५ − √−१५. गुणून बघ, चक्क ४० येतात! पण हे सगळं बिनकामाचं आहे, असंही त्यानेच लिहून ठेवलं. ‘इमॅजिनरी’ हे नाव १६३७ मध्ये देकार्तने दिलं, तेही काही कौतुकाने नाही.

बाबा ताटावरून उठले, हात धुतले आणि पोराला हॉलच्या मधोमध उभं केलं.

‘खिडकीकडे तोंड कर. ती प्लसची बाजू. मायनस वनने गुणायचं म्हणजे काय? पीछे मूड!’

पोरगा भिंतीकडे वळला.

‘परत मायनस वन.’ पुन्हा खिडकी. ‘म्हणून मायनस इनटू मायनस प्लस. आता सांग, कुठली गोष्ट दोनदा केली की एक पीछे मूड होतं?’

‘बाएँ मूड?’

‘कर.’

एकदा वळला, टीव्ही समोर. दुसऱ्यांदा वळला, भिंत.

‘तोच तुझा आय. खिडकी ते भिंत या लाइनवर तो नाहीच, म्हणून तिथे शोधून सापडत नाही. तो टीव्हीकडे आहे.’

लेंगा-बनियनमधले बाबा ड्रिल घेतायत, हे बघून खरं तर हसायला हवं होतं. मी गार!

मग त्यांची गाडी सुटलीच. घरातला करंट एसी. फ्रिज, पंप, असली मोटर लागली की करंट व्होल्टेजच्या मागे पडतो. किती मागे, ते अँगलने मोजायचं, आणि अँगल आला की आय आलाच. स्टाइनमेट्झने १८९३ मध्ये ही रीत मांडली, तेव्हापासून इंजिनीअर त्यावरच जगतायत. ‘फक्त आम्ही त्याला जे म्हणतो. आय म्हणजे आमच्याकडे करंट.’

म्हणजे ज्या अक्षराने माझी लाइन बदलली, ते बाबांच्या वह्यांत रोज होतं. आणि मी शेजारच्या खोलीत रडत बसले होते!

‘तुला हेच अडलं होतं का गं?’

मी मान हलवली. सरांचं ते वाक्यही सांगितलं, पहिल्यांदाच. बाबा बराच वेळ गप्प.

‘मला वाटलं, तुला माझ्यासारखं व्हायचंच नव्हतं.’

यावर काय बोलायचं, मला सुचेना. त्यांनाही नसावं. पेपरच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, (२ + आय) चा घन, आणि पेन माझ्या हातात दिलं. हे बॉम्बेलीचं, १५७२ चं. एक्सचा घन म्हणजे १५ एक्स अधिक ४, याचं उत्तर साधं ४, पण कार्डानोच्या फॉर्म्युल्याने तिथे पोचायचं तर वाटेत √−१२१ लागतं. त्या वाटेने जाऊन तो सुखरूप ४ वर पोचला.

मला तिसऱ्यांदा जमलं. २ + ११ आय.

बाबांनी चष्मा वर करून तपासलं. ‘हं. पहिल्या दोनदा घाई केलीस,’ म्हणाले आणि शब्दकोड्यासाठी पेपर परत घेतला.