पोर्ट क्रमांक २५४

झेडएक्स स्पेक्ट्रमवर सूर लावायचा म्हणजे ठोके मोजायचे. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये आणलेल्या या घरगुती संगणकात झेड८० हा प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोक्यांनी चालतो, आणि आवाजासाठी त्याच्या हाताशी फक्त एक बिट असतो. पोर्ट क्रमांक २५४ वर पाठवलेल्या बाइटमधला १६ किमतीचा बिट चालू केला की स्पीकरचा पडदा एकीकडे जातो, बंद केला की परत येतो. मधली जागा नाही, त्यामुळे हळू-मोठा आवाजही नाही. त्याच वर्षी आलेल्या कमोडोर ६४ मध्ये बॉब यानेसने घडवलेली सिड चिप होती. तिच्यात तीन स्वतंत्र आवाज होते, फिल्टरही होता. स्पेक्ट्रममध्ये यातले काही हवे असेल तर ते प्रोग्रामने निर्माण करावे लागते. या यंत्रासाठी मी संगीताची इंजिने लिहितो, आणि माझे ठाम मत आहे की या प्रोग्रामांना सिंथेसायझरच म्हणायला हवे. ‘बीपर’ हे नाव त्यांना फार तोकडे पडते.

बेसिकमधला बीप आदेश एका वेळी एकच सूर देतो, आणि तो संपेपर्यंत संगणक दुसरे काहीच करत नाही. दोन सूर एकदम हवे असतील तर मशीन कोडमध्ये उतरावे लागते. समजा, आपल्या लूपची एक फेरी ११२ ठोक्यांची आहे. म्हणजे सेकंदाला ३१,२५० फेऱ्या. प्रत्येक सुरासाठी १६ बिटांची एक बेरीज ठेवायची आणि दर फेरीला तिच्यात एक ठरलेला आकडा मिळवायचा. बेरीज ६५,५३६ ला पोचली की शून्याकडे वळते, आणि तिचा सर्वांत वरचा बिट आपोआप चौकोनी लहर देतो. आकडा ९२३ ठेवला तर ४४० हर्ट्झचा सूर लागतो, अगदी नेमके सांगायचे तर ४४०.१२ चा. मग पहिल्या सुराचा बिट स्पीकरला द्यायचा, लगेच दुसऱ्याचा, पुन्हा पहिल्याचा. ही अदलाबदल कानाला ऐकू येण्याच्या पलीकडच्या वेगाने होते. पडदा आणि कान मिळून त्याची सरासरी काढतात आणि दोन स्वर एकत्र वाजल्यासारखे ऐकू येतात. हाच लूप दुप्पट लांब केला तर सुरांच्या वर १५,६२५ हर्ट्झची बारीक शिट्टी बसते. ती वयस्कांना सहसा ऐकू येत नाही, घरातली मुले मात्र कान झाकून घेतात.

दोन्ही सुरांना एकच आकडा न देता एकाला ९२३ आणि दुसऱ्याला ९२४ दिला, तर दोहोंत जेमतेम अर्ध्या हर्ट्झचा फरक पडतो आणि साधारण दर दोन सेकंदांनी आवाज फुलतो, मिटतो. एका बिटातून असे काही निघते यावर विश्वास बसत नाही, पण हिशेब पाहिला तर दुसरे काही निघणे शक्यच नसते.

मला यातला गांधार फार आवडतो. सा ४४० वर धरला तर समान अंतराच्या सप्तकातल्या शुद्ध गांधाराला ११६३ हा आकडा लागतो. पाचास चार प्रमाणातला, तंबोऱ्याशी मिळणारा गांधार हवा असेल तर ११५३ लिहायचे. पेटीच्या गांधाराबद्दल गाणाऱ्यांची जी जुनी तक्रार आहे, ती इथे एक आकडा बदलून मिटते.

हिशेबात खोडा घालणारी गोष्ट म्हणजे टीव्हीचा पडदा रंगवणारी यूएलए चिप. रॅमचे खालचे १६ के ती प्रोसेसरबरोबर वाटून घेते आणि गरज पडली की त्याला थांबवून ठेवते. तिथे ठेवलेला लूप बेसूर होतो, म्हणून इंजिन ३२,७६८ च्या वरच्या पत्त्यांवरच ठेवायचे. पोर्ट २५४ देखील यूएलएचेच असल्याने दोन आउट आदेशांमधले अंतर आठाच्या पटीत राखतात. ११२ ला आठाने भाग जातो तो यामुळेच. सेकंदाला ५० वेळा येणारा इंटरप्टही बंद ठेवावा लागतो, नाहीतर त्याची घरघर सुरांत मिसळते. शिवाय त्याच पोर्टच्या खालच्या तीन बिटांवर पडद्याच्या किनारीचा रंग ठरतो. ते बिट पुसायला सात ठोके खर्च होतात. ते वाचवायचे तर किनारीवर रंगीत पट्टे नाचू द्यायचे. बऱ्याच जुन्या प्रोग्रामांत ते नाचताना दिसतात, आणि मला तो हिशेब पटतो.

दुसरी वाट अरुंद स्पंदांची. ती संगीतकार टिम फॉलिनने वापरली. त्याचा जन्म १९७० चा. एजंट एक्स आणि क्रोनॉस या खेळांचे त्याचे संगीत १९८६-८७ चे. म्हणजे शाळकरी वयातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा. या पद्धतीत प्रत्येक सुराचा मोजक शून्यावर आला की बिट अगदी थोडे ठोके चालू राहतो, लगेच बंद. स्पंद इतके अरुंद की एकमेकांवर क्वचितच आदळतात, म्हणून अनेक सूर एका बिटात मावतात. स्पंद रुंद केला की आवाज भरतो, अरुंद करत नेला की विरतो. ज्या यंत्रात आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नाही, तिथे असा विरता स्वर मिळतो. क्रोनॉसचे शीर्षकसंगीत ऐकताना त्यातली घाईची, रॉक संगीताची उसळी आधी जाणवते, मग त्यामागचे मोजमाप लक्षात येते आणि थक्क व्हायला होते. मात्र सगळा प्रोसेसर संगीतात गुंतल्याने असे तुकडे बहुधा शीर्षकाच्या पडद्यावरच वाजत. खेळ सुरू झाला की शांतता. ढोलाच्या ठोक्यालाही सूर क्षणभर थांबतात, आणि त्या ठोक्याचा खरखराट अनेकदा रॉममधले बाइट वाटेल तसे वाचून मिळवलेला असतो.

म्हणून या रचनांची नुसती स्वरलिपी जपून भागत नाही. लूपमधला एक आदेश बदला, सगळ्या स्वरांची उंची सरकते. रचना आणि वाद्य इथे एकाच फाइलमध्ये असतात, आणि ती फाइल बहुतेक वेळा कॅसेटवर असते.

आपल्याकडेही अशा कॅसेट आहेत. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८० च्या दशकात परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम विकला होता, त्यामुळे माळ्यावरच्या खोक्यात कुणा मुलाने स्वतः लिहिलेला प्रोग्राम अजून पडलेला असू शकतो. तो काढायचा असेल तर एवढे करा. चांगला प्लेअर घ्या, हेड स्पिरिटने पुसा, कॅसेट एकदा पुढे-मागे फिरवून सैल करा. मग एकाच चॅनेलमध्ये, ४४,१०० च्या दराने, वेव्ह फाइल करा. एमपीथ्री नको. कॅसेटवर शून्य म्हणजे ८५५ ठोक्यांचे दोन स्पंद आणि एक म्हणजे १७१० ठोक्यांचे दोन. मशीन फक्त त्यांच्या कडांमधला वेळ मोजते. डॉल्बीसारखी खरखर घालवणारी सोय त्या कडा बोथट करू शकते, म्हणून ती बंद ठेवा. खरखर राहिली तरी चालेल.