निघन, पण थांबन का?

आपल्या मंडळातल्या मुलामुलींना पहिली बरी नोकरी लागली की गाडीसाठी घरच्यांना पटवायचं एक वाक्य तयार असतं : "तिला ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, बर्फात सेफ असते." मग ती गाडी साधी नसते, टर्बोवाली असते, बहुधा निळी असते आणि तिचा आवाज तीन घरं ओलांडून जातो. तरी वाक्य तेच. मी ते बाबांना फोनवर ऐकवलं तेव्हा तिकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग प्रश्न आला, "बर्फातून निघन, पण थांबन का?"

बाबांनी बर्फ पाहिलेला नाही. चिखल मात्र त्यांच्याइतका कोणी पाहिला नसेल. आमचं गाव बेज्जूर. आधी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात. रेल्वेनं यायचं तर कागजनगरला उतरायचं आणि पुढे रस्त्यानं चाळीसेक किलोमीटर. पलीकडे प्राणहिता, आणि नदी ओलांडली की गडचिरोली. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि शेतात कापूस. काळ्या मातीचं काय होतं ते पावसाळ्यात तिथे राहिलेल्यालाच कळेल. चप्पल आत राहते आणि पाय बाहेर येतो.

त्या चिखलात आमचा ट्रॅक्टर अडकायचा. मागची ट्रॉली भरलेली, एक चाक बऱ्या जमिनीवर, दुसरं खड्ड्यात. खड्ड्यातलं चाक नुसतं गरगर फिरतं, चिखल उडवतं, आणि बऱ्या जमिनीवरचं चाक ढिम्म उभं. सगळी ताकद जिथे पकड नाही तिथेच वाया जाते. कारण डिफरन्शियल. वळताना आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळं फिरता यावं म्हणून ते बसवलेलं असतं, पण चिखलात तेच आडवं येतं. अशा वेळी बाबा टाचेनं एक पेडल दाबायचे. डिफ-लॉक. दोन्ही चाकं एकत्र बांधल्यासारखी फिरायची आणि ट्रॅक्टर बाहेर. बाहेर आल्याबरोबर पाय काढायचा, कारण लॉक तसंच ठेवून पक्क्या रस्त्यावर वळायला गेलं तर ट्रॅक्टर वळत नाही, सरळ जातो.

चार चाकांना ताकद देणाऱ्या कुठल्याही गाडीत मूळ कोडं हेच आहे. कुठल्या चाकाला किती, आणि केव्हा सोडायचं. ट्रॅक्टरवर ते बाबांची टाच ठरवते. मी मिनियापोलिसमध्ये ज्या चार गाड्या चालवून पाहिल्या, त्यांत ते चार वेगवेगळ्या तऱ्हांनी ठरतं. बाबांना मी चारही तशाच समजावल्या.

सुबारू डब्ल्यूआरएक्स ही त्यातली सर्वांत साधी. मॅन्युअल गिअरच्या गाडीत मधे एक डिफरन्शियल असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांना एरवी निम्मी-निम्मी ताकद जाते आणि एक बाजू घसरायला लागली की आतला दाट द्रव घट्ट होऊन दोन्ही बाजूंना बांधून धरतो. इंजिन २.४ लिटरचं, २७१ हॉर्सपॉवर. फोक्सवॅगन गोल्फ आर उलट आहे, ती फार हुशार. तिच्या मागच्या आसावर दोन क्लच आहेत, त्यामुळे मागे आलेली सगळी ताकद एकाच चाकाकडेही जाऊ शकते, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त मिळाली की गाडी आपोआप आत वळते. टोयोटा जीआर कोरोलाचं इंजिन अवघं १.६ लिटरचं, तीन सिलिंडरचं, आणि त्यातून ३०० हॉर्सपॉवर. पुढे-मागे ताकद कशी वाटायची ते बटणावर ठरवता येतं. पुढच्या आणि मागच्या आसावर टॉर्सन जातीचं डिफरन्शियल मिळतं, म्हणजे बाबांच्या टाचेचं काम दातेरी चक्रं करतात आणि स्वतःच सोडतातही. माझदा ३ टर्बो बहुतेक वेळ पुढच्या चाकांवर चालते, घसरण्याची चाहूल लागली की मागच्यांना जोडून घेते. तिला मॅन्युअल गिअर मिळत नाही. मला तिथेच ती थोडी परकी वाटली.

"तीनशे घोडे घेऊन करशीन काय?" बाबांच्या ट्रॅक्टरला ४५ आहेत आणि तो कापसाची ट्रॉली ओढतो.

या प्रश्नाचं खरं उत्तर या गाड्यांच्या जन्मात आहे. शहाण्या माणसाला कामावर जायला असलं काही लागतं म्हणून त्या कोणी बनवल्या नाहीत. १९८० मध्ये आउडीनं क्वाट्रो आणली आणि टर्बो अधिक चार चाकं हा मेळ रॅलीच्या मातीत, बर्फात काय करतो ते जगाला दिसलं. पुढे नियम असा आला की रॅलीत जी गाडी पळवायची ती आधी हजारोंच्या संख्येनं साध्या गिऱ्हाइकांसाठी बनवा. सुरुवातीला ५०००, नंतर २५००. त्या नियमापोटी सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन रस्त्यावर आल्या. १९९५ मध्ये कॉलिन मॅकरे सुबारूतून जगज्जेता झाला, त्यानंतर लागोपाठ चार वर्षं टॉमी मॅकिनेन मित्सुबिशीतून. आपला गौरव गिल आशिया-पॅसिफिक रॅलीचं विजेतेपद स्कोडा फाबियातून जिंकला, तीही रॅलीसाठी बांधलेली चार चाकी ताकदीचीच. थोडक्यात, ही जातच शर्यतीची. तिला सुरक्षिततेचं सोवळं नेसवून घरात आणायचं, हे मला पटेनासं झालं.

आता बाबांचा पहिला प्रश्न. निघताना चार चाकं ओढतात, त्यामुळे बर्फाळ चढावर किंवा सिग्नल सुटल्यावर ही गाडी सहज सुटते, हे खरंच. पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, अगदी जुन्यापान्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही. थांबताना ऑल-व्हील-ड्राइव्हची काहीएक मदत होत नाही, उलट तिच्या सामानाचं जास्तीचं वजन थांबवावं लागतं. आणि धोका असा की सुटताना रस्ता निसरडा आहे हे कळतच नाही. पुढच्या चाकांची गाडी सिग्नललाच घसरून सांगते, "बाई, आज जपून." ही सांगत नाही. ती पहिल्यांदा सांगते ते ब्रेक दाबल्यावर. बाबांच्या भाषेत, उतारावर बैल ओढत नाहीत, मागची गाडीच त्यांना ढकलते.

थांबवतं ते टायरचं रबर. साधारण ७ अंश सेल्सिअसखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या बारीक चिरा बर्फ धरतात. बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह असतं, ते पाहून घ्यायचं. आणि गंमत पाहा : डब्ल्यूआरएक्स आणि जीआर कोरोला कारखान्यातून येतात त्या उन्हाळी टायरवर. म्हणजे "बर्फासाठी" म्हणून घेतलेली गाडी पहिल्या बर्फाच्या दिवशी त्याच टायरवर बाहेर काढू नये. निव्वळ सुरक्षितताच हवी असेल तर साधी, पुढच्या चाकांवर चालणारी जुनी कोरोला आणि चार हिवाळी टायर, एवढ्यात भागतं. उरलेल्या पैशांत वर्षाचा विमा निघतो.

पैशांचं मला बाजूला ठेवता येत नव्हतं. धाकटा भाऊ हैदराबादला इंजिनिअरिंग करतो, त्याच्या फीचा अर्धा वाटा माझा. मी पाहत होते तेव्हा माझदा आणि डब्ल्यूआरएक्स ३५ हजार डॉलरच्या आगेमागे मिळत होत्या, जीआर कोरोला ४० हजारांच्या घरात आणि गोल्फ आर त्याच्याही बरीच वर. स्वस्त आणि महाग यांत अंतर दहा हजारांहून जास्त. बेज्जूरला त्याचे किती हंगाम होतात ते मी मोजलं आणि गोल्फ आर तिथेच यादीतून गेली. गाडी म्हणून ती चौघींत सर्वांत गुणी आहे, यात मला शंका नाही.

किमतीनंतरचे खर्च कोणी आधी सांगत नाही. डब्ल्यूआरएक्स सरकारी आकड्यानुसार गॅलनला २२ मैल जाते, म्हणजे लिटरला साडेनऊ किलोमीटरसुद्धा नाही, आणि तेही महागडं प्रीमियम पेट्रोल पिऊन. माझदा साध्या पेट्रोलवर खुशाल चालते, फक्त ताकद २५० वरून २२७ होते. पंचविशीच्या आतल्यांनी डब्ल्यूआरएक्सचा विमा गाडी बघायच्या आधी विचारावा, नंतर विचारला तर बसायला खुर्ची लागते. आणखी एक : सुबारूत चारही टायरची झीज जवळपास सारखी लागते, फरक साधारण दीड मिलिमीटरच्या आत. नाहीतर मधलं डिफरन्शियल सतत झगडत राहतं. एक टायर फाटला तर कधीकधी चार घ्यावे लागतात. जुनी घेणार असाल तर इंजिनचं सॉफ्टवेअर कोणी बदललंय का, हे ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. या गाड्यांच्या आधीच्या मालकांना हात शिवशिवण्याचा रोग असतो.

मी डब्ल्यूआरएक्स घेतली. दोन वर्षं वापरलेली, मूळ अवस्थेतली, मॅन्युअल गिअरची, वर हिवाळी टायरचा पूर्ण संच. जीआर कोरोला जास्त मजेची आहे, आकारानं नेटकी आणि स्वभावानं खट्याळ, पण मागच्या सीटवर आई-बाबा तासभर बसले तर माझ्याशी बोलणार नाहीत. बाबांना मी या वेळी सेफ वगैरे काही म्हटलं नाही. म्हटलं, मला आवडते, फेडायची ताकद आहे, भावाची फी थांबणार नाही. त्यावर ते "बरं" म्हणाले. आमच्याकडे "बरं"चे निदान सहा अर्थ होतात.

मग विचारलं, "स्टेपनी हाय का तिले?"

आहे, बाबा. बारकी आहे, थोडं अंतर हळू जाण्यापुरती, पण आहे. जीआर कोरोलात ती नाही, नुसता पंक्चर बुजवायचा डबा येतो. हे ऐकल्यावर मात्र ते मनापासून म्हणाले की मग तीनशे घोड्यांच्या गाडीपेक्षा हीच बरी.