नक्षत्रांशी परिचय

आपल्या रोजच्या बोलण्यात नक्षत्रांचा वावर किती आहे, याची आपल्याला फारशी जाणीव नसते. वर्गात हजेरी घेताना रोहिणी, स्वाती, चित्रा, रेवती ही नावे मी नित्य उच्चारतो. कार्तिक, मार्गशीर्ष, चैत्र हे महिने आपण दिनदर्शिकेत वाचतो. जून उजाडला की घरोघर ‘मृग लागला’ असे म्हटले जाते. ही सारी नावे आकाशातील आहेत. परंतु यांपैकी एखादे नक्षत्र बोटाने दाखवा, असे कोणी म्हटले, तर आपल्यापैकी किती जणांचा हात वर जाईल? माझा तर जात नव्हता. कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे काव्यातील तारकांशी माझी चांगली ओळख होती. अंगणावरच्या तारकांशी मात्र नव्हती.

ती करून घ्यावी, असे मी गेल्या हिवाळ्यात ठरविले. जवळ दुर्बीण नव्हती, आणि आरंभी ती लागतही नाही. अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र, दिव्यांपासून दूरची जागा आणि थोडा धीर एवढे भांडवल पुरते. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे सरावण्यास वीसेक मिनिटे लागतात. म्हणून नकाशा पाहण्यासाठी विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधावा. पहिल्या रात्री मात्र वर पाहिले आणि मन भांबावून गेले. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९२२ साली आकाशाचे ८८ तारकासमूह निश्चित केले आहेत. ते सारे एकदम ओळखू पाहणे म्हणजे नव्या शाळेत पहिल्याच दिवशी सर्व मुलांची नावे पाठ करू पाहण्यासारखे आहे. तेव्हा एकाशीच मैत्री करावयाची असे ठरवून मी मृग निवडला.

डिसेंबरच्या अखेरीस रात्री साडेआठच्या सुमारास पूर्वेकडे पाहावे. एका सरळ रेषेत, जवळजवळ सारख्या तेजाचे तीन तारे तेथे दिसतात. हा मृगाच्या पोटात रुतलेला बाण. त्याच्याभोवती चौकोन करणारे चार तारे हे मृगाचे चार पाय. त्यांपैकी एक तांबूस आहे, तो काक्षी. त्याच्या समोरच्या कोपऱ्यातील निळसर पांढरा तो राजन्य. तांबडा तारा तुलनेने थंड आणि निळसर तारा अधिक तप्त असतो, हे एकदा कळले की नुसत्या डोळ्यांनीही तारे वाचता येऊ लागतात. हाच काक्षी २०१९-२० च्या हिवाळ्यात चांगलाच मंदावला होता. त्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली होती. पुढे तो पूर्ववत झाला.

बाणाची रेषा खाली वाढविली की जो लखलखीत तारा भेटतो, तो व्याध, रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेषा वर नेली की तांबूस रोहिणी आणि तिच्याही पलीकडे कृत्तिकांचा इवलासा झुबका. एका बाणाने चार ओळखी झाल्या! व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे ८.६ वर्षे लागतात. म्हणजे आठवीतील मुलगा आज जो व्याध पाहतो, त्याचा प्रकाश तो पाच वर्षांचा असताना निघालेला असतो. रोहिणीचा सुमारे ६५ वर्षांपूर्वी निघाला, आपले आजोबा पाटी घेऊन शाळेत जात असतील तेव्हा. कृत्तिकांचा तर शिवाजी महाराजांच्या जन्मापूर्वीचा आहे.

एके रात्री मी आईला अंगणात बोलावून मृग दाखविला. आईचा जन्म शेतात गेला. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी पावसाची सारी नक्षत्रे तिला क्रमाने मुखोद्गत आहेत. कशात पेरावे, कशात लावणी करावी हे तिला पंचांगात पाहावे लागत नाही. साठाहून अधिक पावसाळे तिने या नावांवर काढले. आमच्या कोंकणीत कोणत्याही ताऱ्याला ‘नखेत्र’च म्हणतात. ती बराच वेळ वर पाहत राहिली आणि म्हणाली, “होच तो मिरग?” मग जरा थांबून तिने विचारले, “मागीर पावसांत तो खंय आसता?”

पावसात मृग कोठे असतो? ढगांआड, असे उत्तर सहज सुचते. पण ते पुरेसे नाही. मी तिला तुळशीवृंदावनाजवळ नेले. वृंदावन हा सूर्य, त्यामागचा माड हा मृग आणि आपण पृथ्वी. जूनमध्ये आपण अशा ठिकाणी असतो की माड वृंदावनाच्या मागे येतो. त्या दिवसांत मृग सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबरच मावळतो आणि त्याच्या तेजात लोपून जातो. ‘मृग लागला’ याचा अर्थ सूर्य मृगात आला. मग वृंदावनाला अर्धी प्रदक्षिणा घालून आम्ही माडाच्या बाजूस आलो. हा डिसेंबर : सूर्याकडे पाठ केली की समोर मृग!

आई हसली. “म्हणल्यार पावस दिता, पूण तोंड दाखयना.”

पाऊस नक्षत्र देत नाही, तो मोसमी वारे आणतात, हे खरे. पण सूर्य कोठवर आला हे सांगणारी खूण म्हणून आपल्या पूर्वजांनी ही नक्षत्रे योजिली. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ दिसतो त्यावरून महिन्यांना नावे दिली. हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहून ठरविले होते. आपल्याकडे नावे उरली, पाहणे राहून गेले. आईकडे नाव होते आणि त्यामागचा अनुभव होता. मजजवळ नकाशा होता. त्या रात्री अंगणात दोन्हींची गाठ पडली.

विद्यार्थिमित्रहो, गावोगावी दिवे वाढत आहेत आणि अंधुक तारे एकेक करून दिसेनासे होत आहेत. ज्यांना पावसाची नक्षत्रे तोंडपाठ आहेत, अशी माणसेही आपल्या घरांत थोडीच उरली आहेत. येत्या नाताळाच्या सुटीत तीन ताऱ्यांचा बाण शोधा. सापडला की आजीला किंवा आजोबांना हात धरून बाहेर आणा, तो दाखवा आणि त्यांच्याकडून पावसाच्या नक्षत्रांची नावे क्रमाने लिहून घ्या.