काँक्रीटच्या आधी

चि. सौ. छकुलीस,


तुझ्या कामांच्या पत्रकाचा मसुदा मिळाला. 'नाना, छापायला टाकण्यापूर्वी शुद्धलेखन तेवढं बघून द्या,' म्हणाली होतीस. बघितलं. 'नागरीक'मधली री ऱ्हस्व कर, 'सुशोभिकरण'मधली भि दीर्घ कर आणि एका पानावर इतके 'मा.' घालू नकोस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. आता दुसऱ्या पानावरच्या पाचव्या कामाबद्दल बोलू. ते वाचता वाचता माझा चहा निवला.

'वेस ते मारुती मंदिर सिमेंट काँक्रीट रस्ता. अस्तित्वातील जलवाहिनी न बदलता काम होणार असल्याने निधीची बचत. सदर बचतीतून वेशीजवळ भव्य स्वागत कमान.'

हे वाक्य तुझं नाही हे मला कळतं. 'सदर' तू जन्मात लिहिणार नाहीस. पण खाली सही तुझी आहे आणि फोटोही तुझाच, तोसुद्धा फेटा बांधलेला. बचत कसली गं? ती लाइन बहात्तरच्या दुष्काळानंतर टाकलेली, ॲसबेस्टॉस सिमेंटची. कारखान्याला जाणारे उसाचे ट्रॅक्टर दर हंगामात तिच्या डोक्यावरून गेलेत. मी नोकरीत होतो तेव्हाच तिला किती क्लॅम्प मारलेत ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. आणि तिच्यावर आता तुम्ही काँक्रीट ओतणार!

डांबरी रस्त्याखाली लाइन फुटली की निदान वर ओल येते, डांबर उखडतं, लोक शिव्या घालतात आणि आपण जाऊन खणतो. काँक्रीटखाली तसं होत नाही. पाणी स्लॅबखालून वाट काढत लांब कुठंतरी गटारात निघतं, नाहीतर कुणाच्या तरी जोत्याखाली मुरतं. फुटलंय एकीकडं आणि माणसं खणतायत भलतीकडं. त्यात खणायचं म्हणजे ब्रेकर लावून तुमचाच नवा रस्ता फोडायचा. त्या चौकोनी ठिगळावरून जाताना पुढची दहा वर्षं प्रत्येक स्कूटरवाला तुझी आठवण काढील.

वाया जाणारं पाणी मी एक वेळ सोडून देईन. मला भीती आत येणाऱ्या पाण्याची आहे. आपल्याकडं दिवसाआड तासभर पाणी. उरलेला सगळा वेळ लाइन रिकामी. पाणी बंद केलं की उताराच्या बाजूचे नळ लाइनीत उरलेलं ओढून घेतात, आत पोकळी होते, आणि मग जिथून पाणी बाहेर गळत होतं तिथूनच बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर काय असतं ते तुला सांगायला नको. घरोघरचे जीआयचे पाइप गटारातूनच आत गेलेत. काठीनं गाळ बाजूला करून एकदा डोळ्यांनी बघ, गंजून चाळण झालेला पाइप काळ्या पाण्यात बुडालेला दिसेल. नळ आला की पहिल्या दोन बादल्या ओतून द्यायच्या, ही तुझ्या आजीची रीत काही उगीच नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत कावीळ पसरली, ती हिपॅटायटिस ई, घाण पाण्यातून येणारी. माणसं गेली त्यात. आपल्यापासून ते गाव काही फार लांब नाही.

हे टाळायचं तर लाइन घट्ट हवी आणि तिच्यात सतत दाब हवा. कऱ्हाडच्या शेजारच्या मलकापूरनं हे करून दाखवलंय. जीवन प्राधिकरणाची योजना, चोवीस तास पाणी, घरोघर मीटर, जास्त वापरणाऱ्याला जास्त दर. लोक म्हणाले होते, मीटर लावाल तर निवडणूक हराल. चोवीस तास पाणी म्हणजे पाण्याची नासाडी, असं आपल्या गावातले शहाणे अजूनही म्हणतात. उलट आहे. उद्या पाणी येणार की नाही याची खात्री नसली की माणूस पिंप, टाकी, तपेली सगळं भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ताजं आलं की शिळं ओतून देतो. तुझ्या आईला विचार. ही योजना बघायला बाहेरगावची माणसं मलकापूरला येऊन गेली. कमान बघायला कोण येतं गं?

कमानीचा विषय निघालाच आहे तर ऐक. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शाळेत आपण त्यांचा हौद शिकतो, ही सभासदकी कुणी शिकवत नाही. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला यायचा होता आणि गाव सजवायला हजार रुपये खर्च करायचं नगरपालिकेत ठरलं. बत्तीस सरकारनियुक्त सभासदांत एकटे फुले विरोधात गेले. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. एकट्यानं! तेही सरकारनंच नेमलेलं असताना. तुला तर मतदारांनी निवडून दिलंय, आणि तुझ्यापुढं व्हाइसरॉय नाही, कमानीवर वडिलांचं नाव घालायची हौस असलेले आपलेच बापूसाहेब आहेत.

बरं, रस्ता करायचाच आहे तर त्याची उंची कोण बघतंय? अंदाजपत्रकात जुना रस्ता खोदून काढायची बाब आहे का, ते आधी वाच. बहुतेक नसेल. थरावर थर चढवायचा, मोजायला सोपं आणि करायलाही सोपं. आजीच्या घरात पूर्वी तीन पायऱ्या चढून जावं लागायचं, त्यातल्या तिसऱ्या पायरीवरून तू पडलीस तो प्रकार आठवतोय ना? आज त्याच दारातून एक पायरी उतरून आत जावं लागतं. घर खचलेलं नाही, रस्ता वाढलाय. आता त्यावर आणखी आठ इंच आले की पहिल्याच वळवाला पाणी माजघरात. मग लोक दारात उंबऱ्याएवढा सिमेंटचा बांध घालणार, तो रस्त्यात आला म्हणून नगरपरिषद नोटीस देणार आणि ती नोटीस मागे घ्यावी म्हणून लोक तुझ्याच दारात येणार.

तुझ्या पत्रकात सर्वांचे फोटो आहेत. मंत्री, आमदार, जिल्हाध्यक्ष, शहराध्यक्ष, कुणी सुटलेलं नाही. पाणी सोडणाऱ्याचा नाही. चावी घेऊन सायकलवरून फिरणारा तो माणूस तुला लहानपणी चावी फिरवू द्यायचा. पुढच्या वर्षी तो निवृत्त होतोय. कुठल्या आळीचा व्हॉल्व्ह कुठं, कुठला उलटा बसवलाय, कुठला अर्धाच उघडायचा नाहीतर खालच्या आळीची लाइन उडते, हे फक्त त्याला ठाऊक. कार्यालयातला नकाशा मी बघितलाय. त्यात आहेत त्या लाइनी जमिनीत नाहीत आणि जमिनीत आहेत त्या नकाशात नाहीत. मागं पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा निंबाच्या झाडाजवळचं चेंबर गाडलं गेलं, ते अजून सापडलेलं नाही. तू एक कर. एक सकाळ त्याच्याबरोबर चाल. जेईला, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला, बरोबर घे, प्रत्येक चेंबरचा फोटो आणि जागा मोबाइलवर नोंदवायला लाव, भिंतीवर तेलरंगानं खूण करून घे. याला निधी लागत नाही, उद्घाटनही लागत नाही. म्हणूनच ते आजवर झालेलं नसावं.

बाकीची कामं ठीक आहेत. अंगणवाडीचं स्वच्छतागृह उत्तम. ओपन जिमबद्दल मी काही बोलणार नाही, तुझी आई तिथं जाते.

सोमवारी सभा आहे म्हणालीस. त्याआधी जेईकडून वेशीपाशी एक आणि देवळापाशी एक, असे दोन चाचणीखड्डे घेऊन लाइन उघडी करून बघ. फोटो काढ. सभेत भाषण नको, उपसूचना मांड: आधी जलवाहिनी आणि घरोघरची कनेक्शनं बदलावीत, मग जुना रस्ता खोदून मूळ पातळीवर काँक्रीट करावं, कमान रद्द. अनुमोदक आधी ठरवून ठेव, आयत्या वेळी सगळ्यांना खोकला येतो. इतिवृत्तात शब्दशः लिहून घे आणि पुढच्या सभेत ते कायम होताना वाच. हरलीस तरी नोंद राहते. चार वर्षं प्रशासक होता तेव्हा निदान विचारायला कुणी नव्हतं अशी सबब तरी होती. आता ती नाही.

आणि ठेकेदाराला घरी भेटू नकोस. चहालासुद्धा नाही. तो तुमच्याच पक्षाचा आहे आणि गोड बोलतो, तुझ्या वडिलांच्या वेळी त्याचा बापही असाच गोड बोलत असे. पुढं काय झालं ते तुला माहीत आहे. भेटायचं तर कार्यालयात, मुख्याधिकाऱ्यांसमोर. रात्री उशिरा एकटी स्कूटरवरून येऊ नकोस. जावईबापूंना हे पत्र वाचायला दे, हा शेवटचा भाग तरी.

तुझा,
नाना

ता. क. : आरोग्य विभागाकडं क्लोरीन तपासायचा छोटा संच असतो, ओ. टी. म्हणतात. तो मागून घे आणि पाणी आलं की आळीतल्या अगदी शेवटच्या नळाचं पाणी तपास, पहिल्या नळाचं नव्हे. पिवळी छटा आली पाहिजे, रंगपट्टीवर निदान ०.२. रंग आलाच नाही तर त्या दिवशी आळीत सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांग आणि आपल्या घरी बाळासाठी तर उकळच. नळाची जागा, तारीख, वेळ वहीत लिही.