एका घरच्या तीन गाड्या आणि मोखाड्याचं पाणी

मैत्रिणींनो, सुट्टीत कुठं जायचं, हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी सासूबाईंच्या गुडघ्यांपाशी येऊन थांबतो. त्यांना लांबचा प्रवास सोसत नाही आणि रस्त्यातल्या स्वच्छतागृहांची तर धास्तीच असते. पण यंदा त्यांनीच विषय काढला. लग्नाआधी खोडाळ्याजवळच्या एका शाळेत त्या दोन वर्षं शिकवत होत्या. "एकदा मोखाडा डोळ्यांनी बघून यावं म्हणते," एवढंच म्हणाल्या. मग काय, त्यांच्या मुलानं जाहीर केलं, आपण चालतं-फिरतं घर भाड्यानं घेऊ!

आता या चालत्या-फिरत्या घराची, म्हणजे कॅरव्हॅनची, चौकशी कशी करायची ते सांगते. पुढंमागं तुमच्या उपयोगी पडेल. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे नाव कानावर येऊ लागलं. आम्हाला मात्र चौकशीत एकाच घरची तीन भावंडं भेटली: ट्रॅक्स, ट्रॅव्हलर आणि अर्बानिया. तिन्ही फोर्स मोटर्सच्या. ही पुण्याची कंपनी १९५८ मध्ये फिरोदियांनी बजाज टेम्पो म्हणून सुरू केली. 'टेम्पो' हा शब्द आपल्या तोंडी बसला तो तिच्यामुळंच. फोर्स हे नाव २००५ चं.

थोरली दोघं तशी बरोबरीची, १९८० च्या दशकातली. ट्रॅक्स उंच नि दणकट, जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर माणसं भरून धावते. पण आत उभं राहता येत नाही, त्यामुळं ती दिवसाच्या प्रवासापुरतीच. ट्रॅव्हलरच्या उंच टपाच्या गाडीत मात्र ताठ उभं राहता येतं. धाकटी अर्बानिया २०२२ ची. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, बसायलाही ऐसपैस. तीही लहान-मोठ्या आकारांत मिळते. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर लहानीत ३३५० मिलिमीटर, तर मोठीत ४४००. आम्हाला मिळत होती ती मोठी. घाटाच्या वळणावर आणि पाड्याच्या रस्त्यावर हा फरक जाणवतो. भाडंही अर्थातच जास्त.

पण खरी गोष्ट पुढंच आहे बरं का. पलंग, ओटा, संडास, पाण्याची टाकी हे सगळं बहुधा कंपनीतून गाडी बाहेर पडल्यावर दुसरेच कारागीर बसवतात. पातेलं एकाच कंपनीचं असलं तरी आमटी ज्याच्या त्याच्या हातची! म्हणून नुसतं नाव विचारून भागत नाही. गाडी पाहायला जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या. पायरी किती उंच, धरायला दांडी आहे का, संडासात बसून उठता येतं का, हे त्यांनाच करून बघू द्या. आणि पाण्याची टाकी किती लिटरची, हे विसरू नका. सासूबाईंना ट्रॅव्हलरवर बांधलेल्या लहान गाडीची पायरी पसंत पडली. टाकी शंभर लिटरची. आम्ही तीच घेतली.

एप्रिलच्या शेवटी नाशिकहून निघालो. त्र्यंबकेश्वर मागं टाकून तोरंगणचा घाट उतरला की हवा बदलते. बोडके डोंगर, मधूनच मोहाची झाडं, करवंदीच्या जाळ्या. होळीनंतरच्या दिवसांत इथं बोहाड्याची धामधूम असते, देवादिकांचे मुखवटे घालून रात्र रात्र सोंगं नाचतात. सासूबाई अगदी हातवारे करून सांगत होत्या. गुडघे जणू विसरल्याच!

रात्री देवबांधच्या गणपतीजवळ मुक्काम केला. सकाळी आम्ही सगळ्यांनी घरच्यासारख्या आंघोळी उरकल्या, लेकीनं केसही धुतले. आणि नऊ वाजता टाकी कोरडी!

ड्रायव्हरदादा म्हणाले, "पुढं पाड्यावर विहीर आहे, चार पैसे दिले की भरून देतील." आम्ही विहिरीपाशी गेलो. पंधरा-वीस बाया हंडे घेऊन उभ्या. तळाशी गढूळ पाणी, त्यात एकीनं पोहरा सोडलेला, तो भरायची वाट बाकीच्या बघत होत्या. सासूबाई पायरीवरूनच म्हणाल्या, "गाडी पुढं घ्या. यांच्या हंड्यातलं पाणी आपल्या टाकीत यायचं नाही."

मग वाटेत त्या बोलत राहिल्या. शिकवत होत्या तेव्हा उन्हाळ्यात वर्गातल्या मुली कमी व्हायच्या, त्या पाण्याला गेलेल्या असायच्या. पावसाळ्यात इथं धो धो पाऊस, पण काळा कातळ नि तीव्र उतार, पाणी ठरत नाही, वाहून जातं. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचं पाणी मुंबईच्या नळांना जातं. मुंबईत माहेर असलेली मी गप्पच बसले. लहानपणी किती वेळा नळ उघडा टाकून शाळेत पळाले असेन!

जव्हारला पोचेपर्यंत पिण्याच्या दोन कॅनवर भागवलं. भांडी कागदानं पुसली, तोंड तांब्याभर पाण्यात धुतलं. काही अडलं नाही. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहिला, आणि शिवाजी महाराज १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर थांबले ते शिरपामाळही. दाभोशाचा धबधबा मात्र पावसाळ्यानंतर बघा.

तुम्ही निघालात तर एवढं कराच. टाकी नाशकात भरा, वेगळे दोन कॅन ठेवा, आंघोळ बादलीनं नव्हे तर ओल्या पंचानं. संडासाची टाकी ओढ्याकाठी रिकामी करू नका, खाली कुणीतरी तेच पाणी भरत असतं. भाजी, नाचणी, काजू मात्र तिथंच विकत घ्या, चार पैसे तिथं राहू द्या.

सासूबाईंची शाळा सापडली नाही, तिथं नवी इमारत आहे. पण विहीर ओळखली त्यांनी. घरी आल्यावर म्हणाल्या, "गाडी चांगली होती गं. टाकी लहान होती तेच बरं झालं."